मधलं घर

करुणाचं ऑफिस पुण्यात, तिची साहेबीण नागपुरात, आणि करुणा स्वतः मध्य प्रदेशाच्या सीमेला, बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात, धानाच्या पोत्यांना पाठ टेकून. असं ते ऑफिस होतं. पुण्याच्या एका कंपनीची वेबसाइट होती, घरबसल्या औषधं मागवायची. कोणाचं काही अडलं की तो माणूस व्हॉट्सॲपवर कंपनीला लिहायचा, आणि मराठीत लिहिलं असलं की ते करुणाच्या पडद्यावर यायचं. गोळ्या पोचल्या नाहीत, पत्ता बदलायचा आहे, डॉक्टरची चिठ्ठी कुठं टाकू. करुणा उत्तरं द्यायची. तिचं माहेर मोहाडीचं, कोष्ट्यांचं. बापाच्या मागाच्या खडखडाटात बसून बारावी केली, तुमसरला बी.ए. केलं. तिचं टायपिंग पाहून सासरे मधुकरराव म्हणायचे, "सूनबाईचे बोटं पाहा, जशा कोंबड्या दाने टिपून राहिल्या."

गावाला आधी हसूच आलं होतं. दिवसभर मोबाईल पाह्यते आन् म्हणते नोकरी! मग गावातल्या चार-सहा म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या करुणानं घरपोच मागवून दिल्या, तेव्हा तोंडं बंद झाली. दिवाळीनंतर कंपनी तिला पक्कं करणार होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. जिथं जाईल तिथं बायका आधी तिच्या पोटाकडे पाहायच्या आणि मग तोंडाकडे. आता निदान पहिला प्रश्न नोकरीचा असायचा. तिला ही नोकरी किती हवी होती, ते यावरून समजा.

घरात लाइन चांगली होती, कारण नवरा अंकुर तुमसरच्या एका केबल-इंटरनेटवाल्याकडे कामाला होता आणि गावापर्यंतची तार त्यानंच ओढली होती. मोबाईलचं तर विचारूच नका. सीमेवरचं गाव. फोन घरात असला की महाराष्ट्रात, अंगणात नेला की मध्य प्रदेशात. ‘आपका स्वागत है’ असा मेसेज यायचा आणि लागलीच रेंज जायची. म्हणून कंपनीत तिनं घरची लाइनच नोंदवली होती. त्या लाइनचा जो नंबरी पत्ता असतो, तो कंपनीच्या दप्तरात होता, आणि काम तिथूनच करायचं, दुसरीकडून नाही, असा कंपनीचा कायदा होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीकडे ठरलेली उत्तरं होती, टेम्प्लेट म्हणत त्याला. त्यांतलं एक करुणानं स्वतः मराठीत बसवलं होतं: ‘आपल्या जोडणीवरून संशयास्पद वापर आढळल्याने सेवा देता येत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ज्यांना वेबसाइट दारातूनच हाकलते, त्यांना हे द्यायचं. पुढं वाद घालायचा नाही. लोक काय काय लिहायचे! मी काहीच केलं नाही, माझ्या बाबांची साखर वाढली आहे, एकदा तपासून तर पाहा. करुणा वाचायची आणि टेम्प्लेट टाकायची. तिला वाटायचं, केलंच असन काही लफडं. आगीशिवाय धूर निघते का? ‘दिलगीर’ हा शब्द आपणच सुचवला, याचा तर तिला अभिमान होता.

पितृपक्ष नुकताच संपला होता. धान निसवला होता, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि गावतलावाचं पाणी सोडायचे दिवस आले होते. करुणानं सकाळी पोळ्या उरकल्या, कॉम्प्युटर सुरू केला, कंपनीचं पान उघडलं. पान उघडलं नाही. पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी आल्या.

‘आपल्या जोडणीवरून संशयास्पद वापर आढळल्याने सेवा देता येत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

तिनं ते तीनदा वाचलं. आपलीच वाक्यं, आपलाच ‘दिलगीर’! बाप्पा! तिला आधी हसू आलं, आणि मग तिनं पान पुन्हा उघडून पाहिलं. तेच.

ती फोन घेऊन माडीवर गेली, तिथं रेंज बरी होती, आणि नागपूरला रीनाला फोन लावला. रीना तिची साहेबीण, वयानं थोडीच मोठी. रीनाच्या आईचं माहेरही मोहाडीचं. एकदा बोलता बोलता निघालं होतं की रीनाच्या मामीच्या लग्नातला शालू करुणाच्या बापाच्या मागावरचा. तेव्हापासून दोघींचं बरं जमायचं.

"अगं करुणा, तू काय करून राहिली यार?" रीना म्हणाली. "सिक्युरिटीकडून मेल आलाय. आपण गेल्या हप्त्यात नवीन कुलूप बसवलं ना, ते बनवणाऱ्यांच्या यादीत तुझ्या घरचा पत्ता आहे. ओळख लपवायचं नेटवर्क. ते म्हणून राहिले, ही बाई खरंच घरून काम करते की दुसऱ्याच कोणाकडून करून घेते?"

"मी कायले लपवू ओळख?" करुणाचा आवाज चढला. "मी त हजेरीले रोज फोटो काढतो!"

"मला माहीत आहे गं. पण यादीत आहे."

संध्याकाळी अंकुर घरी आला. करुणानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. टीव्हीच्या मागं एक काळी डबी होती, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारी. सासूबाई दुर्गाबाईंनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. करुणाला वाटायचं, ते अंकुरच्या ऑफिसचं काहीतरी असेल. आज तिनं रुमाल उचलला आणि विचारलं, "हे काय आहे? खरं सांगा."

अंकुर खाली बसला. बूटही काढले नव्हते. म्हणाला, "रिले आहे."

मग त्यानं सांगितलं. जगात कितीतरी लोक असे आहेत की त्यांना आपण काय वाचतो ते सरकारला, मालकाला, कधी घरच्यांनाही कळू द्यायचं नसतं. अशांचा निरोप तीन घरांतून फिरवून नेतात. पहिल्या घराला माणूस दिसतो पण तो चालला कुठं ते दिसत नाही, शेवटच्या घराला जागा दिसते पण माणूस दिसत नाही. मधल्या घराला दोन्ही दिसत नाही, ते नुसतं पुढं ढकलतं. ही घरं जगभरातले लोक आपखुशीनं चालवतात. "आपलं मधलं घर आहे," अंकुर म्हणाला. "आपल्या घरातून कोणी सरळ कोणाच्या वेबसाइटवर जातच नाई. जाते ते शेवटच्या घरातून. पण तिन्ही घराईचे पत्ते उघड्यावर असतात, लपवत नाई कोणी. ह्या यादीवाल्याईनं सगळेच उचलले आन् दिले टाकून. सुक्याबरोबर ओलं."

"आन् तुमी मले सांगतलं नाई."

"तुले का सांगू? धक्का लागतच नव्हता कोणाले."

"मले लागला ना!" करुणा ओरडली. इतकी की गोठ्यातून दुर्गाबाई हात पुसत आल्या. "मले चोर म्हणून राहिले ते! परक्या मुलखातल्या लोकाईसाठी तुमी बायकोची नोकरी घालवून राहिले? कोण लागतात ते तुमचे? नाव माहीत आहे एकाचं तरी?"

अंकुरनं आता बूट काढले. मग हळूच म्हणाला, "नाव माहीत असतं त मतलबच काय होता. गेल्या साली तू त्या गोळ्याईबद्दल वाचत होती. मूल होण्याच्या. मोबाईलवर, माह्याकडे पाठ करून. तुमसरच्या मेडिकलात विचारलं असतं त संध्याकाळपर्यंत गावात झालं असतं. मी तवा पाह्यलं नाई तुह्या मोबाईलकडे. पण पाहू शकलो असतो. मंग मले वाटलं, असे किती लोक असतील."

करुणाला राग आला होता आणि रडूही. तिनं रुमाल परत डबीवर टाकला, आणि मग अंकुरनंच उठून वायर काढली. दिवे विझले.

आरामखुर्चीत मधुकरराव बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. मधुकरराव तलावाच्या पाणीसमितीत होते आणि वर्षातले दोन महिने त्यांच्या डोक्यात पाण्याशिवाय काही राहत नसे. ते म्हणाले, "म्हंजे बाबू, धानाच्या बांधीसारखंच झालं की. वरच्या बांधीतून पानी खालच्या बांधीत जाते. खालच्याचं पानी आपल्यातून गेलं म्हणून आपन काही ते पेलो नाई."

"तसंच बाबा," अंकुर म्हणाला.

"मंग यात चोरी काय आहे?" मधुकररावांनी विचारलं, आणि ते मनातून खूश झाले. दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर त्यांनी समितीतल्या परसरामला आणि आणखी चार जणांना सांगूनही टाकलं की आमच्या घरातून दुनियेचं पाणी जातं.

वायर काढली तरी पान उघडेना. अंकुर म्हणाला, यादीतून नाव जायला वेळ लागतो, ते लोक रोज पाहत नाहीत. लाइनला नवीन पत्ता घेऊ का, असं करुणानं रीनाला विचारलं. रीना म्हणाली, "चौकशी चालू असताना पत्ता बदलला तर मग संपलंच." कंपनीकडे एकच उपाय होता. सिक्युरिटीचे धर्मेंद्र सर व्हिडिओ कॉल करणार, घर पाहणार, चार प्रश्न विचारणार. नीट उत्तरं दिली की झालं. कंपनीच्या पानाला कुलूप असलं तरी व्हिडिओचा कॉल घरच्या लाइनवर येऊ शकत होता. करुणानं खोली झाडली, पोती एका बाजूला सारली आणि हजेरीच्या फोटोतली निळी साडी नेसली.

धर्मेंद्र सर सभ्य माणूस होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना राग ना हसू. त्यांनी खोली फिरवून दाखवायला सांगितली. आधार कार्ड पाहिलं. तुम्हीच टाइप करता का? हो सर. दोन ओळी टाइप करून दाखवा. तिनं दाखवल्या. ते नेटवर्क तुम्ही वापरलं का? नाही सर, मी कधीच नाही. माझ्या मिस्टरांचं एक मशीन होतं, ते आता बंद आहे. सरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "शेवटचा प्रश्न. तुमच्या घरातल्या ह्या लाइनवरून बाहेरच्या कोणाचा वापर होतो का?"

"नाही सर. घरचेच आम्ही," करुणा म्हणाली. मशीन बंद होतं, तेव्हा हे खरंच होतं.

आता गावची रीत सांगतो, म्हणजे पुढं काय झालं ते कळेल. तलावाचं पाणी सोडण्याआधी समितीची बैठक बसते. तिथं प्रत्येक शेतकऱ्याला भर सभेत एकच प्रश्न विचारतात: तुझ्या बांधीतून बाहेरच्या कोणाकोणाचं पाणी जातं? ज्याच्या बांधीतून जास्त लोकांचं पाणी जातं, त्याची पाळी आधी, कारण त्याला अडवलं तर खालचे सगळे कोरडे. आणि जो खालच्याचं नाव लपवतो, त्याच्याशी गाव महिनाभर नीट बोलत नाही. मधुकररावांचा बाप ह्या प्रश्नाला उभा राहून उत्तर द्यायचा. मधुकररावही उभे राहूनच द्यायचे.

तर मधुकरराव त्या वेळी तलावावरून आले होते, पाय चिखलाचे, खांद्यावर फावडं. दारात त्यांच्या कानावर हा प्रश्न पडला. आणि सून म्हणते, नाही, घरचेच! डबी बंद झाली म्हणजे ते जाणंही थांबलं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांना राहवेचना.

"काहून खोटं बोलते बाई?" ते थेट कॅमेऱ्यासमोर आले. "सायेब, मी सांगतो. आमच्या घरातून साऱ्या दुनियेचं जाते! कोनकोन आहे ते आमी नाई पुसत. पुसाचं बी नाई. आडवलं नाई आमी कोनाचं आजपर्यंत, लिहून घ्या!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धर्मेंद्र सरांनी खरोखरच लिहून घेतलं.

"आपण कोण?"

"मी घरमालक. मधुकर."

"धन्यवाद," सर म्हणाले आणि कॉल संपला. मधुकरराव सुनेकडे वळले. आता सून खूश होईल, आपला नंबर पहिला लागेल, असंच त्यांना वाटत होतं. करुणानं तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली.

"काय झालं व?"

"मामाजी, तुमी माही नोकरी घालवली," ती म्हणाली. आजपर्यंत ती त्यांच्यासमोर इतक्या जोरात कधी बोलली नव्हती. "ते समिती नोहे मामाजी! तिथं ज्याच्या घरातून दुसऱ्याचं जाते तो चोर असते!"

मधुकररावांनी फावडं हळूच भिंतीला लावलं. थोड्या वेळानं विचारलं, "असं कसं व?" पण त्याला उत्तर द्यायला करुणा तिथं नव्हती.

संध्याकाळी मेल आला. ‘घरमालकाने त्रयस्थ व्यक्तींचा वापर मान्य केला आहे.’ करुणाचा आयडी बंद. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. अंकुर म्हणाला, मी सरांना लिहितो, सगळं समजावून सांगतो. त्यानं लिहिलंही, मधलं घर काय, शेवटचं घर काय, यादीत चूक कुठं होते, सगळं. उत्तर आलं, ‘आमची यादी अद्ययावत आहे.’ करुणानं वेगळं लिहिलं. तिच्या प्रत्येक दिवसाचे फोटो कंपनीकडे आहेत, तिच्या टायपिंगची नोंद आहे, ते जुळवून पाहावं. त्याला उत्तरच आलं नाही. दुर्गाबाईंनी देवापुढं नारळ ठेवला. मधुकरराव दोन दिवस समितीच्या कामालाही गेले नाहीत, आणि गावात विचारायला लागले की मधुकररावाची तब्येत बरी नाही काय.

मग एका दुपारी माडीवर फोन वाजला. रीना.

"लाग कामाला," ती म्हणाली. "तुझा पत्ता सोडला त्यांनी. फक्त ते मशीन पुन्हा लावायचं नाही."

करुणाला खरंच वाटेना. "कसं काय? अंकुरनं लिहिलं ते वाचलं का सरांनी?"

"छे गं, कोण वाचतं! मी पुण्याला गेले होते मीटिंगला. धर्मेंद्र सरांना म्हटलं, ही बाई माझ्या ओळखीची आहे. माझ्या मामीचा शालू तिच्या वडिलांनी विणलाय. ते म्हणाले, अरे, ओळखीची आहे तर आधी सांगायचं ना. अशा केससाठी फॉर्ममध्ये रकाना असतो."

"म्हंजे मी चोर नाई हे पटलं त्याईले?"

"ते कोणी विचारलंच नाही गं," रीना म्हणाली. "तू काम सुरू कर."

करुणा खाली आली. घरात आनंदीआनंद झाला. दुर्गाबाईंनी नारळ फोडला. अंकुरनं डबी रुमालात गुंडाळली आणि माडीवर, जुन्या पितळी भांड्यांच्या मागं ठेवून दिली. करुणा पोती परत जागेवर सारायला लागली. मधुकरराव तेवढे जवळ येऊन म्हणाले, "बाई, मी मुद्दाम नाई केलं." ती म्हणाली, "माहीत आहे मामाजी." आणि खरंच तिला माहीत होतं. मधुकरराव काही न लपवता बोलले होते, आणि त्यापायीच तिचा आयडी बंद झाला होता. ओळख निघाली तेव्हा तो उघडला. ह्या गोष्टीचा तिला आता त्या मेलपेक्षाही जास्त राग येत होता.

दुसऱ्या सकाळी तलावाचं पाणी सुटलं. दारावरून पाटात पाणी वाहत होतं, पोरं त्यात उड्या मारत होती. करुणा पोत्यांना टेकून बसली. पान उघडलं. पहिली दोन-चार चॅटं साधी होती. मग एक आलं. नाव नव्हतं, गाव नव्हतं, नुसता नंबर.

‘आईच्या थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्या. आमच्या खेड्यात मिळत नाहीत, तुमच्याकडूनच येतात. आता साइट संशयास्पद वापर म्हणते. मी काही केलेलं नाही.’

करुणाची बोटं सवयीनं टेम्प्लेटवर गेली. वाक्यं चौकटीत आली, ‘दिलगीर’सकट. पाठवायचं बटण दाबायचं तेवढं राहिलं. तिनं ती सगळी खोडली आणि लिहिलं, ‘घरी कोणी रिले चालवतं का?’

बराच वेळ उत्तर आलं नाही. माणूस घाबरला असेल, तिला वाटलं. मग आलं, ‘हो. मुलगी चालवते. मधला. त्यात काही वाईट नाही असं ती म्हणते. बंद करायला सांगू का तिला?’

‘थांबा,’ करुणानं लिहिलं.

पडद्याच्या कडेला एक बटण होतं, ‘वर पाठवा’. इतक्या दिवसांत तिनं ते कधी दाबलं नव्हतं. तिनं दाबलं. फॉर्म उघडला. खाली, अगदी शेवटी, खरंच एक रकाना होता: सवलतीचं कारण. त्यात ठरलेले पर्याय होते. कर्मचारी. भागीदार. परिचित. दिवाळी जवळ आली होती आणि ती अजून पक्की झालेली नव्हती. फावडं घेऊन मधुकरराव दारातून बाहेर पडत होते. आज बैठकीनंतरची पहिली पाळी होती, आणि नेहमीसारखी त्यांचीच.

करुणानं ‘परिचित’वर खूण केली आणि फॉर्म पाठवला.

लागलीच रीनाचा मेसेज आला. ‘करुणा, टेम्प्लेट का नाही टाकलं? हा कोण आहे?’

‘ओळखीचा आहे,’ तिनं लिहिलं.

‘खरंच? कुठला? नातेवाईक?’

करुणानं चॅटकडे पुन्हा एकदा पाहिलं. नुसता नंबर. बाहेर पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत होतं, त्याचा आवाज घरात येत होता.

‘नाही,’ तिनं लिहिलं. ‘आमच्या पाण्यावरचा आहे.’